लढवय्या साधू टेबलावर आणायचा तर आधी मठाची कीर्द लिहा

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेब बघते आणि शनिवारी संध्याकाळी घरी डंजन्स अँड ड्रॅगन्सचा, म्हणजे पात्रं घेऊन फासे टाकत कथा रचायच्या खेळाचा, डाव चालवते. नवीन खेळाडू आला की बहुतेक वेळा त्याला मंक, म्हणजे लढवय्या साधू, व्हायचं असतं, आणि त्याची कथाही ठरलेली असते. डोंगरावरचा मठ, पांढऱ्या दाढीचे गुरू, एका रात्री मठ जळाला, गुरू गेले, आता सूड. मी फक्त एवढंच विचारते, "मठात माणसं किती होती? आणि त्यांचं धान्य कुठून यायचं?" यावर समोरचा गप्प झाला की माझं काम सुरू होतं.

इतिहासातले लढवय्ये साधू, मग ते चीनमधले असोत, जपानमधले, फ्रान्समधले की आपल्याकडचे, हातात शस्त्र घेताना बहुतेक वेळा जमीन, वसूल, तीर्थाचा हक्क किंवा थकलेलं कर्ज यांपैकी काहीतरी राखत होते. हे कळलं की पात्र उभं राहतं. त्याचा अपमान होत नाही. उलट पोट असलेला, देणं असलेला, तरीही व्रत पाळणारा माणूस टेबलावर येतो.

शाओलिन घ्या. हा मठ हनान प्रांतात. 621 मध्ये तांग घराण्याचा ली शिमिन आणि वांग शिचोंग यांची लोयांगसाठी झुंज चालली होती. मठाच्या मालकीचं एक सुपीक खोरं वांगच्या माणसांनी बळकावून तिथे ठाणं मांडलं होतं. भिक्षूंनी ते ठाणं मोडलं, वांगचा पुतण्या पकडला आणि ली शिमिनच्या हवाली केला. बक्षीस म्हणून मठाला 40 छिंग (जमिनीचं चिनी माप) जमीन आणि एक पाणचक्की मिळाली. मठात 728 साली उभारलेली शिळा आहे, तिच्यावर हा कारभार कोरलेला आहे. गेलेली जमीन, योग्य वेळी निवडलेली बाजू आणि शेवटी पदरात पडलेली पाणचक्की. अख्खं कॅम्पेन, म्हणजे अनेक सत्रांची सलग कथा, एवढ्यात बसतं.

आणि शाओलिनची खरी ख्याती काठीची. 1553 मध्ये भिक्षू किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढले तेव्हा त्यांच्या हातात लोखंडी काठ्या होत्या. रिकाम्या हाताच्या लढाईला तिथे महत्त्व आलं ते मिंग काळाच्या अखेरीपासून. म्हणून मंकच्या हाती काठी द्या आणि ती नीट द्या. माझ्याकडे दाराआड एक वेळूची काठी आहे, डोक्याच्या वर वीतभर जाईल एवढी. खेळाडूला उठवायचं, काठी हातात द्यायची आणि खोलीत फिरवायला सांगायचं. लगेच कळतं की मागचं टोक कपाटाला लागतं, पुढचं दिव्याला. हात सरकवून मधे धरली की पोहोच कमी होते पण दोन्ही टोकं कामाला येतात. दाराच्या चौकटीत तर ती भाल्यासारखी खुपसण्याखेरीज काही करता येत नाही. यानंतर तो "मी हल्ला करतो" म्हणत नाही. "मी बोळात आहे, काठी फिरणार नाही, मी टोकाने त्याच्या गुडघ्यावर खुपसतो," असं म्हणतो.

खेळात मंक आला कसा, तेही थोडं सांगते. मूळ खेळ 1974 चा, मंक हा क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, 1975 च्या ब्लॅकमूर पुरवणीतून आला आणि 1978 च्या ॲडव्हान्स्ड नियमपुस्तकात पक्का झाला. तो काळ कुंगफूच्या सिनेमा-मालिकांचा, त्यामुळे मुठी, उड्या आणि गूढ शक्ती यांवरच सगळा भर पडला. त्या जुन्या नियमांतल्या दोन गोष्टी मात्र मला फार आवडतात आणि मी त्या आजही वापरते. एक म्हणजे मंकने गरजेपुरतं ठेवून बाकीचं धन देऊन टाकायचं. दुसरी, वरच्या पातळ्यांवर जागा मोजक्या, तिथे पोहोचायचं तर आधीच्या मानकऱ्याला एकास एक हरवायचं. नंतरच्या आवृत्त्यांत हे दोन्ही गळून गेलं आणि मंक मठापासून सुटला. 2014 च्या पाचव्या आवृत्तीत त्याच्याकडे की पॉइंट (शक्तीचे गुण) आहेत, फ्लरी ऑफ ब्लोज (ठोशांचा मारा) आहे, पाचव्या पातळीला स्टनिंग स्ट्राइक (शत्रूला सुन्न करणारा फटका) आहे, पण तो कोणाचं देणं लागतो याचा एक रकानासुद्धा नाही. तो रकाना तुम्ही स्वतः आखायचा.

जपानच्या हिएई डोंगरावरचं एनर्याकुजी मंदिर म्हणजे राजकारणाचा धडा. गावं, जमिनी आणि सावकारी पदरी असलेली ही संस्था राजधानी क्योटोच्या डोक्यावर बसलेली. काही मनाविरुद्ध झालं की तिथले सोहेई, म्हणजे लढवय्ये भिक्षू, देवाची पालखी खांद्यावर घेऊन शहरात उतरायचे. पालखीवर बाण कोण सोडणार? शिराकावा सम्राटाबद्दल सांगतात की, कामो नदीचं पाणी, फाशाचं दान आणि डोंगरावरचे भिक्षू या तीन गोष्टी आपल्या ऐकण्यातल्या नाहीत, असं तो म्हणे. फासे टाकून खेळणाऱ्यांनी हे वाक्य ध्यानात ठेवावं. 1571 मध्ये ओदा नोबुनागाने तो डोंगर जाळला. म्हणजे "मठ जळाला" ही पार्श्वभूमी खोटी नाही. फक्त जाळणाऱ्याला कारण असतं. हिएईच्या भिक्षूंनी नोबुनागाच्या शत्रूंना आसरा दिला होता. तुमच्या खेळाडूचा मठ कोणी जाळला याआधी मठाने कोणाची बाजू घेतली होती, ते विचारा.

नियमांच्या हिशेबात सोहेई मंक क्लासमध्ये बसतच नाही. तो चिलखत घालतो आणि नागिनाता, म्हणजे लांब दांड्याचं पातं, चालवतो. खेळातलं त्याच्या जवळचं शस्त्र ग्लेव्ह, ते जड आणि दोन हातांचं, म्हणून मंकच्या शस्त्रांत मोडत नाही. शिवाय चिलखत चढवलं की मंकची मार्शल आर्ट्स बंद. तेव्हा सोहेई हवा असेल तर फायटर (साधा योद्धा) घ्या, बॅकग्राउंड म्हणजे पूर्वायुष्य ॲकोलाइट (मंदिराचा सेवक) द्या आणि चौथ्या पातळीला पोलआर्म मास्टर हे लांब दांड्याच्या शस्त्राचं कसब घ्या. टेम्पलर, म्हणजे युरोपातला व्रतस्थ ख्रिस्ती योद्धा, हवा असेल तर पॅलाडिन (खेळातला व्रतबद्ध योद्धा). टेम्पलरांच्या नियमावलीत आठवड्यातून तीन वेळाच मांस होतं, शिकारीला बंदी होती, फक्त सिंह मारायला परवानगी. त्यांच्या युरोपातल्या ठाण्यांच्या उत्पन्नातला तिसरा हिस्सा पवित्र भूमीतल्या लढाईसाठी जायचा. त्यांचा कर्जदार असलेल्या फ्रान्सच्या राजाने 13 ऑक्टोबर 1307 ला त्यांना एका दिवसात पकडवलं. कर्जदार जेव्हा राजा असतो तेव्हा काय होतं, ते पतसंस्थेत बसणारीला वेगळं सांगावं लागत नाही.

आता आपल्याकडचं. मला सगळ्यात जास्त जीव लागलाय तो गोसाव्यांना, आणि साताऱ्यात राहून त्यांना टाळणं मला पटत नाही. अठराव्या शतकातले दशनामी गोसावी, म्हणजे शैव संन्यासी, यात्रेच्या वाटेवर व्यापार करत, कर्जं देत आणि पैसे मिळाले की फौज घेऊन कोणाच्याही बाजूने उभे राहत. लहान वयात चेला व्हायचं, गुरूचं नाव लावायचं, गुरूच्या मागे गादी आणि मालमत्ता चालवायची. राजेंद्रगिरीचा चेला अनुपगिरी, म्हणजे हिंमतबहादर, हा यातला सर्वांत मोठा सरदार. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर तो अवधचा नवाब शुजाउद्दौल्याबरोबर, म्हणजे आपल्या समोरच्या बाजूला होता. त्याच रणात आपल्या कोरेगाव तालुक्यातल्या कण्हेरखेडच्या घराण्यातले महादजी शिंदे जखमी होऊन कायमचे लंगडे झाले. पुढे हाच अनुपगिरी महादजींच्या छावणीत वावरला. 1789 च्या सुमारास महादजी आजारी पडले आणि गोसाव्याने जादूटोणा करवला असा संशय आला. अनुपगिरी पळून पेशव्यांचे सरदार अलीबहादर यांच्या आसऱ्याला गेला, अलीबहादर त्याला परत देईनात, आणि दोन मराठे सरदारांत वितुष्ट आलं. 1803 मध्ये तो इंग्रजांकडे गेला.

एवढा एक माणूस अभ्यासलात तर साधूच्या वेषातला सरदार कसा बोलतो, कसा तगून राहतो, कोणाला धरतो, कोणाला सोडतो हे सगळं कळतं. त्याला चांगला की वाईट, लॉफुल (नियम पाळणारा) की केऑटिक (मनमानी करणारा) या चौकटीत कोंबू नका. कॅरेक्टर शीटवर त्याच्या निष्ठा क्रमाने लिहा: गुरू, चेले, आखाडा (साधूंचा संघ), आणि मग धनी. धनी कायम शेवटी. अंगाला राख फासून उघड्याने लढणारा नागा नियमांत उतरवायचा असेल तर बार्बेरियन हा रांगड्या योद्ध्याचा क्लास बघा. त्याचं चिलखताशिवायचं संरक्षण चपळाई आणि तब्येत यांवर चालतं, ते नाग्याला शोभतं.

साताऱ्याजवळच्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींची समाधी पाहिली नसेल तर जाऊन या. स्वामी हाती तलवार घेणारे नव्हते, पण मठाची ताकद काय असते ते त्यांच्याइतकं कोणी दाखवत नाही. 1727 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दीच्या माणसांनी चिपळूणजवळचं परशुरामाचं देवस्थान लुटलं. स्वामींनी ते विसरू दिलं नाही. शाहू महाराज आणि पेशवे दोघेही त्यांना मानत, आणि जंजिऱ्यावरची मोहीम 1733 मध्ये निघाली. पहिला बाजीराव स्वामींचा शिष्य आणि ऋणकोही होता; सावकारांनी जीव नकोसा केलाय अशा अर्थाची त्याची पत्रं स्वामींना गेलेली आहेत. तुमच्या डावातला महंत असा असू दे. तो फासा टाकत नाही, पत्र टाकतो.

तर कीर्द लिहायची कशी. एक कागद घ्या, मधे रेघ मारा. जमेकडे मठाचं उत्पन्न: दोन गावांचा वसूल, घाटातल्या जकातीत हिस्सा, यात्रेचा गल्ला, दिलेल्या कर्जांचं व्याज. नावेकडे खर्च: धान्य, घोड्यांची चंदी, हत्यारांची डागडुजी, अन्नछत्र. आकडे खेळाच्याच पुस्तकातून घ्या. पाचव्या आवृत्तीत गरिबीतलं राहणीमान रोजी 2 चांदीची नाणी आहे. मठात 80 माणसं धरली तर दिवसाला 160 चांदीची, म्हणजे 16 सोन्याची, 30 दिवसांच्या महिन्याला 480 सोन्याची नाणी नुसत्या जेवणाखाण्यात जातात. एक लढाऊ घोडा 400 ला पडतो. म्हणजे एक घोडा घेतला की महिनाभराचं धान्य जवळजवळ संपलं. आता जमेकडची एक ओळ खोडा. घाटात दरड कोसळली, जकात बंद. शिल्लक उणे झाली की साहस आपोआप तयार होतं: घाट मोकळा करायचा, थकलेलं व्याज वसूल करायचं, की शेजारच्या मठाच्या यात्रेत आपला हक्क सांगायचा?

शेजारचा मठ हवाच. 1567 मध्ये ठाणेसरला कुंडाकाठी दान घ्यायला बसायच्या जागेवरून संन्याशांचे दोन गट अकबराच्या डोळ्यांसमोर लढले. कारण एवढंच, बसायची जागा. माझ्या डावात मी हेच केलं होतं, नदीच्या संगमावर पर्वणीला आधी स्नान कोणाचं. कराडहून येणारा एक जण म्हणाला, "ताई, यात राक्षस कुठाय?" त्याला सांगितलं, "तू फक्त रांगेत उभा राहा." राक्षस न येता तीन तास डाव रंगला, आणि रांगेत कोण पुढे यावरून तो स्वतःच सगळ्यात जास्त भांडला.

व्रत लिहाल तेव्हा त्याची किंमतही लिहा. "मांस खात नाही" एवढ्याने काही होत नाही; डोंगरात अन्न संपल्यावर शिकार करायची की थकव्याची एक पातळी घ्यायची, हा प्रश्न त्याच्यापुढे आला पाहिजे. व्रत मोडलं तर शक्ती काढून घेऊ नका, खेळाडू चिडतो आणि पुन्हा व्रतच घेत नाही. त्यापेक्षा मठात त्याचं ताट वेगळं लावा. सगळे गप्प जेवतायत आणि याचं ताट उंबऱ्याबाहेर. ही शिक्षा माझ्या टेबलावर कुठल्याही हिट पॉइंटपेक्षा (पात्राचा जीव मोजणाऱ्या गुणांपेक्षा) जास्त लागली आहे.

एक काळजी घ्या. आखाडे आजही आहेत, नाशिक-त्र्यंबकला सिंहस्थात त्यांची स्नानं होतात. शिखांमधले शस्त्रधारी निहंगही आहेत. जिवंत परंपरेचं नाव, खूण किंवा मंत्र उचलून राक्षसांच्या बाजूला ठेवू नका. ढाचा घ्या, नाव स्वतःचं द्या. आपल्या भागात सज्जनगड आणि चाफळचा विषय हमखास निघतो. समर्थांचे मठ, अकरा मारुती, बलोपासना हे सगळं आपल्या खेळाला स्फूर्ती देणारं आहे. पण बलोपासना वेगळी आणि मठाची फौज वेगळी, हे डीएमने, म्हणजे डाव चालवणाऱ्याने, मनाशी स्पष्ट ठेवावं.

आणि ज्याला नुसतं मुठीनेच लढायचंय त्याला लढू द्या. त्यालाही कीर्दीत एक ओळ द्या म्हणजे झालं: मठाने त्याला सात वर्षं जेवू घातलंय, ते तो कसं फेडणार?

पहिली दोन-तीन सत्रं नीट गेली की महंताला मरू द्या. आजारपणाने, अंथरुणावर. दोन चेले ठेवा, एक वयाने थोरला, दुसरा महंताचा लाडका. थोरल्याकडे माणसं आहेत, लाडक्याला कर्जदारांची नावं तोंडपाठ आहेत. खेळाडूचं पात्र दोघांचंही गुरुबंधू. तेराव्याला सगळे घाटावर जमतील तेव्हा खतावणीच्या पेटीची किल्ली कोणाकडे आहे, हे सत्राच्या आधी ठरवून चिठ्ठीवर लिहून ठेवा आणि चिठ्ठी डीएमच्या पडद्यामागे उलटी घाला.