प्राणी पाळण्याआधी दवाखान्याचा हिशेब कसा मांडावा

पिल्लू घरी आणायचं ठरलं की चर्चा होते ती त्याच्या नावाची, रंगाची, ते कुठे झोपेल याची. त्याच्या औषधपाण्याला किती लागतील हा विषय मात्र पहिल्या आजारपणात निघतो, तोही दवाखान्याच्या काउंटरसमोर उभं राहून. तिथे घाईत घेतलेला निर्णय एक तर खिशाला पेलत नाही किंवा मनाला. प्राणी कधी ना कधी आजारी पडणार हे ठरलेलंच आहे, माहीत नसते ती फक्त तारीख. म्हणून हा हिशेब आधी मांडून ठेवायचा.

पहिली पायरी : किती वर्षांची जबाबदारी, ते बघा

कुत्रा साधारण 10 ते 13 वर्षं जगतो, लहान चणीचे त्याहून जास्त. घरातच राहणारी मांजर 15 वर्षं सहज काढते. ससा नीट सांभाळला तर 8 ते 12 वर्षं, आणि मोठ्या जातीचा पोपट तर कधी कधी पाळणाऱ्यालाही मागे टाकतो. तेव्हा आजचा पगार बघून चालणार नाही. पुढच्या दहा वर्षांत घर बदलेल का, मूल होईल का, नोकरी कुठे असेल, याचाही अंदाज हवा.

दुसरी गोष्ट वजनाची. गोचिडांचं औषध, प्रतिजैविक, शस्त्रक्रियेची भूल, या सगळ्याची मात्रा किलोवर ठरते. 40 किलोच्या कुत्र्याला 5 किलोच्या कुत्र्यापेक्षा कितीतरी जास्त औषध लागतं आणि बिलही त्याच प्रमाणात फुगतं. चपट्या नाकाच्या जाती, म्हणजे पग, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन मांजर, दिसायला गोंडस. पण श्वासाचा, डोळ्यांचा आणि दातांचा त्रास त्यांच्या ठेवणीतच असतो. काहींना नीट श्वास घेता यावा म्हणून शस्त्रक्रिया करावी लागते. अशी जात घ्यायचीच असेल तर तो खर्च पहिल्या दिवसापासून धरा.

ससा, पक्षी, कासव यांच्या बाबतीत वेगळीच अडचण येते. सगळे पशुवैद्य त्यांच्यावर उपचार करत नाहीत. करणारा डॉक्टर जवळपास आहे का, ते आधी शोधा आणि मगच पिंजरा घ्या. आणि एक गैरसमज इथेच काढून टाकू : रस्त्यावरून उचललेलं पिल्लू ‘फुकट’ मिळतं ते तेवढ्या दिवसापुरतं. त्याच्या मोडलेल्या पायाचं बिल महागड्या जातीच्या पिल्लाइतकंच येतं.

दुसरी पायरी : प्राणी नसताना दवाखान्यात फोन करा

जवळच्या दोन-तीन दवाखान्यांत फोन करून दर विचारा. यात संकोच कसला? साध्या तपासणीची फी किती, पहिल्या वर्षाच्या सगळ्या लसी मिळून किती, या वजनाच्या मादीच्या नसबंदीला किती, भूल देऊन दात साफ करायला किती, एका दिवसाच्या भरतीला किती. शेवटी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी तुम्ही असता का, नसाल तर आम्ही कुठे जायचं? हे आकडे एका कागदावर आले की अर्धं काम झालं. सर्वांत कमी दर सांगणारा दवाखाना निवडाच असं नाही. नसबंदीच्या दरात भूल, वेदनाशामक औषध, टाके काढणं आणि नंतरची तपासणी धरली आहे का, ते विचारा. मग फरक कशाचा आहे ते कळतं.

तिसरी पायरी : पहिल्या वर्षात हात आखडू नका

पिल्लाच्या लसी 6 ते 8 आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने किमान 16 आठवड्यांपर्यंत चालतात. अनेक जण दोन डोस देऊन थांबतात, ‘झालं की लसीकरण’ म्हणून. पण एकच लस पुन्हा पुन्हा का देतात? आईच्या चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात काही आठवडे टिकते आणि तीच लसीला निकामी करते. ती नेमकी कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं असतं. शेवटचा डोस चुकवला तर आधीचे दोन्ही वाया गेलेले असू शकतात.

पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांना होणारा जीवघेणा विषाणूचा आजार, झालेल्या पिल्लाला कित्येक दिवस सलाईन, उलट्या थांबवणारी इंजेक्शनं आणि वेगळ्या खोलीत भरती लागते, आणि इतकं करूनही ते वाचेल याची खात्री नसते. या एका आजारपणापुढे सगळ्या लसींचा खर्च किरकोळ ठरतो. रेबीजची तर गोष्टच वेगळी. एकदा लक्षणं दिसली की प्राणी असो वा माणूस, जवळजवळ कुणीच वाचत नाही. ती लस ठरलेल्या वेळी द्यायचीच आणि तिचा दाखला जपून ठेवायचा.

नसबंदीचंही असंच. नसबंदी न केलेल्या कुत्रीला वय वाढेल तसा गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, बहुतेकदा माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत. मग करावी लागते ती शस्त्रक्रिया साधारण तीच, पण आजारी शरीरावर, तातडीने, रक्ततपासण्या आणि भरतीसकट. बिल मूळ खर्चाच्या कित्येक पट होतं. मोठ्या जातींमध्ये हाडांची वाढ पूर्ण होऊ देणं बरं असतं, त्यामुळे नेमकं वय डॉक्टरांशी बोलून ठरवा. जंताचं औषध आणि कातडीखाली बसवायची, 15 अंकी ओळख क्रमांकाची मायक्रोचिपही याच वर्षात येते. चिप बसवून नोंदणीत आपला फोन नंबरच घातला नाही, तर तिचा उपयोग शून्य.

चौथी पायरी : दरमहा किती बाजूला टाकायचे

फोनवर मिळालेल्या आकड्यांतून वर्षभराचा ठरलेला खर्च काढा : लसी, जंत आणि गोचिडांची औषधं, एक पूर्ण तपासणी, खाणं. त्याला 12 ने भागा. ही झाली नेहमीची रक्कम. आता अचानक येणाऱ्या खर्चासाठी वेगळी ठेव हवी. तिचं निदान पहिलं उद्दिष्ट सांगतो : रात्रीची तातडीची तपासणी, एक्स-रे, रक्ततपासणी आणि दोन दिवसांची भरती, एवढं एका झटक्यात भरता येईल इतकी शिल्लक. मोठ्या शस्त्रक्रियेइतकी झाली तर उत्तमच. हे पैसे घरखर्चाच्या खात्यात ठेवू नका. तिथे ते सणावारात कधी विरघळतात ते कळत नाही.

विमा घ्यावा का? माझं मत असं की पहिली दोन-तीन वर्षं, जेव्हा ठेव तुटपुंजी असते, तेव्हा विम्याचा उपयोग सर्वांत जास्त. शिवाय तो प्राणी लहान आणि धडधाकट असतानाच घ्यावा लागतो, कारण आधीपासून असलेला आजार बहुतेक पॉलिसींत धरत नाहीत. कानाचा जुना संसर्ग एकदा कागदावर आला की पुढच्या दाव्याला तो आडवा येऊ शकतो. घेताना पाच गोष्टी वाचा : सुरुवातीचे किती दिवस संरक्षण नाही, प्रत्येक दाव्यात आपल्या खिशातून किती जाणार, वर्षाची कमाल मर्यादा किती, जातीचे आनुवंशिक आजार धरले आहेत का, आणि वय वाढेल तसा हप्ता कसा चढतो. बऱ्याच ठिकाणी आधी आपण पैसे भरायचे आणि नंतर परतावा मागायचा असतो. म्हणजे विमा असूनही हाताशी रोकड लागतेच.

पाचवी पायरी : बिल वाढू देऊ नका

सगळ्यांत स्वस्त औषध वाटीत कमी घालण्याचं आहे. 2002 मध्ये अमेरिकेत एक दीर्घ अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 48 लॅब्राडॉर कुत्र्यांच्या जोड्या लावून प्रत्येक जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी खाणं दिलं, तेही आयुष्यभर. कमी खाणारे मध्यमानाने 13 वर्षं जगले, दुसरे 11.2 वर्षं. सांधेदुखीच्या औषधांची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा लागली. वाढलेलं वजन म्हणजे गुडघे, मधुमेह, भुलेचा धोका आणि दर गोळीमागे जास्त मात्रा.

तेव्हा खाणं मापाने द्या, अंदाजाने नको. बरगड्यांवर हात फिरवा. हलक्या हाताने त्या लागल्या पाहिजेत. घरातली चार माणसं आपापल्या पोळीचा तुकडा ‘एकच’ म्हणून देत असतील, तर ते चार होतात हे त्यांना सांगायची जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते.

दात हा दुसरा दुर्लक्षित भाग. रोज घासणं सर्वांत चांगलं, पण माणसांची टूथपेस्ट वापरू नका. प्राणी ती गिळतात आणि तिच्यातले काही घटक त्यांना घातक असतात. भूल न देता वरवर खरवडून दात चमकवून देणारेही भेटतात. आजार असतो हिरडीखाली, तिथे ते पोचत नाहीत. ते पैसे फुकट.

वर्षातून एकदा तपासणी, सात-आठ वर्षांनंतर सहा महिन्यांनी एकदा. मांजरांचे लोक हे हमखास टाळतात, कारण मांजर दुखणं लपवण्यात पटाईत असते.

सहावी पायरी : कधी थांबायचं नाही, ते पाठ करा

काही दुखणी सकाळपर्यंत थांबू शकतात. एकदा झालेली उलटी, किंचित लंगडणं, तेवढ्यापुरती पातळ शी, आणि प्राणी बाकी खेळता-खाता असेल तर फोनवर विचारून वाट बघता येते. पण बोका वारंवार लघवीला बसतोय आणि येत नाहीये, तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. एक-दोन दिवसांत जीव जातो. मोठ्या कुत्र्याचं पोट फुगलंय, ओकाऱ्या येतात पण बाहेर काही पडत नाही, तर पोटाला पीळ पडला असेल आणि वेळ तासांत मोजायची. मांजर तोंड उघडून धापा टाकते, झटके थांबत नाहीत, पिल्लाच्या उलटीत किंवा शीत रक्त आहे, विष खाल्ल्याची शंका आहे, तर उठा आणि निघा. झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या वर सतत जात असतील तर तेही डॉक्टरांना कळवा.

पैसे वाचवायला घरचं औषध देणं हा सर्वांत महागात पडणारा प्रयोग. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजरीचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं बिघडतात. कुत्र्याचं पर्मेथ्रिन असलेलं गोचिडांचं औषध मांजरीला लावलं तर तिला झटके येतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण आणि मांजरीसाठी लिलीची फुलं, हे सगळं त्यांच्या तोंडापासून लांब.

सातवी पायरी : डॉक्टरांशी पैशांबद्दल कसं बोलायचं

बिल इतकं कसं, हा प्रश्न पडतोच. माणसांच्या दवाखान्यात रक्त एकीकडे तपासतात, एक्स-रे दुसरीकडे काढतात. इथे तपासणी, प्रयोगशाळा, सोनोग्राफी, शस्त्रक्रियेची खोली आणि औषधं बहुधा एकाच छताखाली असतात, आणि त्याचा भार त्या एका दवाखान्यावर. शिवाय रोगी बोलत नाही. माणूस ‘इथे दुखतं’ म्हणतो, तिथे मांजरीच्या पोटाचा एक्स-रे काढावा लागतो.

पण म्हणून गप्प बसून नंतर कुरकुर करू नका. सुरुवातीलाच सांगा, ‘डॉक्टर, आज माझ्याकडे इतकेच आहेत, यात सर्वांत आधी काय करायचं?’ त्यांना हे वाक्य नवीन नसतं. भरतीआधी लेखी अंदाज मागा, कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे. प्रत्येक तपासणीबद्दल विचारा : निकाल आल्यावर उपचार बदलणार आहे का? काहीही आलं तरी औषध तेच द्यायचं असेल, तर ती तपासणी तूर्त थांबवता येते का, हा रास्त प्रश्न आहे. टप्प्याटप्प्याने उपचार, हप्ते, पशुवैद्यक महाविद्यालयाचं रुग्णालय, धर्मादाय दवाखाना, हेही विचारा.

दोन ठिकाणी मात्र घासाघीस नको. एक, भुलेच्या वेळी प्राण्यावर लक्ष ठेवण्याची व्यवस्था. दुसरं, वेदनाशामक औषध. आणि प्राणी बरा दिसला म्हणून प्रतिजैविकाचा कोर्स मनाने अर्ध्यावर सोडू नका, पुढच्या तपासणीला दांडीही मारू नका. पैशांमुळे जमत नसेल तर तसं फोन करून सांगा; पर्याय सुचवता येतो.

आठवी पायरी : मर्यादा आधी ठरवा

मधुमेह झालेल्या प्राण्याला बहुतेकदा दिवसातून दोनदा इन्सुलिन लागतं. म्हाताऱ्या मांजरीचं मूत्रपिंड दुबळं झालं की वेगळं खाणं आणि वारंवार तपासण्या येतात. इथे पैशांइतकाच घरातल्यांचा वेळ लागतो : सकाळ-संध्याकाळ इंजेक्शन कोण देणार? कर्ज काढून शस्त्रक्रिया करायची का, केल्यावर प्राण्याला सुखाचे किती दिवस मिळतील, हे प्रश्न डॉक्टरांना थेट विचारा. ‘तुमचा प्राणी असता तर?’ असंही विचारता येतं. यातना थांबवण्यासाठी शांतपणे निरोप देणं हा उपचाराचाच एक भाग आहे. त्याचा आणि अंत्यविधीचा खर्चही पहिल्या फोनमध्येच विचारून ठेवा.

परिस्थितीच बदलली आणि सांभाळणं अशक्य झालं, तर डॉक्टरांमार्फत किंवा प्राणिसंस्थेमार्फत दुसरं घर शोधा, आणि आजारांसकट सगळे कागद नव्या माणसाच्या हातात द्या.

शेवटी एक चिठ्ठी लिहून फाइलमध्ये ठेवा : प्राण्याचं नाव, वजन, चिपचा क्रमांक, चालू औषधं, लसींच्या तारखा, दिवसाच्या आणि रात्रीच्या दवाखान्याचे नंबर. खाली हेही लिहा की तुम्ही गावाला असताना शस्त्रक्रियेच्या कागदावर सही कोण करेल आणि तुम्हाला न विचारता त्याने किती रकमेपर्यंत होकार द्यायचा. ती चिठ्ठी त्या माणसाला आधी वाचायला द्या.