मत्सरी बहुरूपी खलनायक रंगमंचावर कसा उभा करावा

एकांकिकेत रूप बदलणारा खलनायक घ्यायचं ठरलं की मंडळी आधी धुराचं मशीन आणि मुखवटे शोधायला निघतात. ते शेवटी बघा. आधी दोन गोष्टी वहीत लिहून काढा: माणसाकडचं नेमकं काय त्याला हवं आहे, आणि ते त्याला का मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आणि त्याची रूप बदलण्याची ताकद, दोन्ही एकाच मुळातून आली पाहिजेत. हे जमलं की अर्धी संहिता आपोआप सुचते. नाही जमलं तर मत्सर एकीकडे, जादू दुसरीकडे, आणि मध्ये लांबलचक स्वगत अशी गत होते.

याचा सर्वात चांगला धडा महाभारताच्या वनपर्वातल्या नलोपाख्यानात आहे. दमयंतीच्या स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन उभे राहतात. चेहरे हुबेहूब, तरी ती नळाला ओळखते. देवांना घाम नाही, पापणी लवत नाही, गळ्यातली माळ कोमेजत नाही, अंगावर धूळ नाही, पाय जमिनीला टेकत नाहीत. नळाला घाम आहे, धूळ आहे, सावली आहे, माळ सुकलेली आहे. ज्या गोष्टींना आपण रोज कंटाळतो, त्याच माणूसपणाच्या खुणा ठरतात. त्याच कथेतला कली तर मत्सराचा नमुनाच आहे. देवांना सोडून दमयंतीने माणसाला माळ घातली हे त्याला सोसत नाही. तो बारा वर्षं नळाच्या मागावर राहतो आणि एका संध्याकाळी नळ पाय न धुता संध्येला बसतो, तेवढ्या फटीतून आत शिरतो. खलनायकाला केवढी चिकाटी हवी आणि केवढी लहान फट पुरते, याचं माप इथे मिळतं.

पात्राचा पाया

पुढचं सगळं एका उदाहरणावर करून दाखवतो. स्थळ सांगलीजवळचं हरिपूर. इथे हळद साठवायची जमिनीखालची पेवं होती; तोंड अरुंद, आत पोट मोठं. २००५ च्या महापुरात त्यातली पुष्कळ निकामी झाली. अशाच एका टाकून दिलेल्या पेवात आपला खलनायक राहतो. त्याला तालमीपुरतं ‘कोरडा’ म्हणू.

कोरड्याचा नियम एकच: त्याला काहीही लागत नाही. धूळ, घाम, हळद, वास, माया, काहीच चिकटत नाही. काही चिकटत नाही म्हणूनच तो कुठलंही रूप घेऊ शकतो, आणि म्हणूनच कुठलंही रूप त्याचं होत नाही. त्याच्या डोक्यावर हमाल पिवळ्याधमक हातांनी भाकरी खातात. लग्नघरात नवरदेवाला हळद लावतात, मग ती उष्टी हळद नवरीकडे जाते. हे सगळं तो वर्षानुवर्षं खालून ऐकतो आहे. त्याला राज्य नको, अमृत नको. अंगाला हळद लागलेली हवी आहे. हेवा एवढ्या लहान गोष्टीवर आणून ठेवा. ‘मला माणूस व्हायचंय’ हे वाक्य संहितेत एकदाही येता कामा नये. ते आलं की प्रेक्षकाला शोधायला काही उरत नाही.

मर्यादाही लिहून ठेवा, कारण सर्वशक्तिमान बहुरूप्याची भीती वाटत नाही. आपण तीन धरू. ज्याला जवळून पाहिलंय त्याचंच रूप त्याला घेता येतं. ज्याचं रूप घ्यायचं त्याला आधी पेवात टाकावं लागतं. तो मेला तर रूप गळून पडतं, म्हणजे त्याला माणूस जिवंत ठेवावा लागतो. तिसरी मर्यादा महत्त्वाची: त्याला दिसतं आणि ऐकू येतं तेवढंच उचलता येतं, नातं उचलता येत नाही.

तीन चुका, आणि प्रत्येक चुकीतून शिकणं

पाऊण तासाच्या प्रयोगात रूपांतरं तीनच ठेवा. चौथं आलं की प्रेक्षक खेळ म्हणून बघू लागतो. दर वेळी तो एका खुणेवर पकडला जाईल आणि पुढच्या वेळी ती खूण सुधारून येईल. खलनायक शिकतो आहे हे दिसलं की धाक वाढतो, आरडाओरड्याची गरज पडत नाही.

पहिली चूक बोलण्यात. भाचा बनून तो आत्याच्या दारात येतो. ती हळकुंडं निवडत बसली आहे.

‘आत्ती, जेवलासा का?’

तिचा हात थांबतो. गावात वडीलधाऱ्यांना ‘जेवलासा का’ असंच विचारतात, कोरड्याने ते बरोबर ऐकलंय. पण हा भाचा तिच्या मांडीवर वाढलाय. तो ‘जेवलीस का गं’ म्हणणार. आत्या काही बोलत नाही, फक्त सूप बाजूला ठेवते. नटाने इथे आवाज बदलू नये, डोळे वटारू नयेत. मायावी पात्राचा आवाज यंत्रातून घोगरा करून ऐकवण्याची जी सवय पडली आहे, तिने असा प्रसंग हमखास मरतो.

दुसरी चूक हातांची. आदल्या संध्याकाळी खऱ्या नवरदेवाला हळद लागली. रात्री कोरड्याने त्याला पेवात टाकलं आणि सकाळी बोहल्यावर स्वतः उभा राहिला. अंतरपाट खाली येतो, आणि त्याचे तळवे धुतल्या तांदळासारखे स्वच्छ आहेत. डोक्यावर टाकलेल्या अक्षता केसांत अडकत नाहीत, सरळ घरंगळतात. नवरी हे बघते आणि उष्ट्या हळदीचं ताट पुढे करते. तो हात ठेवतो, उचलतो, हात कोराच.

तिसऱ्या वेळी तो हळदीचा दिसणारा पिवळा रंगही रूपाबरोबर उचलून येतो; हळद नव्हे, नुसता रंग. तोवर खरा नवरदेवही पेवातून सुटून आलेला आहे. दोन नवरदेव, दोघांचे हात पिवळे. इथे घराघरातलं ज्ञान कामाला येतं: हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. नवरी दोघांचे तळवे साबणाच्या फेसात भिजवलेल्या पांढऱ्या फडक्याने पुसते. एक फडकं लाल, एक पिवळंच. निकाल प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत लागतो आणि कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

मंचावरची करणी

अदलाबदलीसाठी दोन नट लागतात. उंचीत दोन इंचांपेक्षा जास्त फरक नको. चेहरा वेगळा चालतो, कारण फेटा आणि मुंडावळ्या निम्मा चेहरा झाकतात. चालणं मात्र एक हवं. दोघांना समोरासमोर उभं करून आरशासारखी तालीम द्या, रोज पंधरा मिनिटं: आधी नुसतं उभं राहणं, मग चार पावलं, मग वळणं. कपड्यांचे दोन जोड एकाच ताग्यातून शिवा आणि दोन्ही एकत्रच धुवा. एक जोड जास्त धुतला गेला तर दिव्याखाली रंगातला फरक लगेच दिसतो.

अदलाबदल अंतरपाटाआड होते. नेहमीचा अंतरपाट आखूड असतो आणि खालून पाय दिसतात, तिथेच घोटाळा होतो. सहा फूट रुंद आणि साडेचार फूट उंच कापड घ्या, वरची कड नटाच्या डोक्याच्या चार बोटं वर धरा. पाटासमोर दोन करवल्या बसवा, म्हणजे पाय झाकले जातात. नवरदेवाच्या मागच्या फ्लॅटला (चौकटीवर कापड ताणून केलेल्या भिंतीला) मधोमध उभी चीर ठेवा, तिच्यावर त्याच रंगाच्या कापडाची एक वीत झडप शिवा. मंगलाष्टकाचं एक कडवं शार्दूलविक्रीडितात संथ म्हटलं की साधारण अर्धा मिनिट मिळतो. अदलाबदलीला आठ-दहा सेकंद पुरतात. ती कडव्याच्या मध्यावर करा. शेवटी केली तर ‘सावधान’ला अंतरपाट खाली येतो आणि फ्लॅट हलताना दिसतो.

हळदीच्या ताटाची युक्ती साधी आहे. ताटाचे दोन भाग करा. ‘कोरडा’ आपला हात ठेवतो त्या भागात हळद नसून पिवळा मखमली कागद चिकटवलेला असतो. कड दिसू नये म्हणून भोवती खऱ्या हळदीची बारीक रेघ. नवरी आपला हात खऱ्या हळदीत बुडवून दाखवते, मग त्याचा हात कागदावर दाबते. ताट कललं तर कागदाची कड चमकते, म्हणून ते सपाट चौरंगावर ठेवा, हातात धरू नका.

साबणाच्या प्रसंगासाठी खऱ्या नवरदेवाच्या तळव्यावर दोन चमचे हळद आणि एक चमचा पाणी यांचा लेप प्रवेशाआधी दहा मिनिटं लावून वाळू द्या. कोरड्याच्या तळव्यावर खाण्याचा पिवळा रंग. हा रंग साबणाने लाल होत नाही ना, हे आधी कापडाच्या तुकड्यावर तपासून घ्या. फडक्यासाठी कपडे धुण्याच्या वडीचा दाट फेस वापरा. अंगाच्या सौम्य साबणाने रंग हवा तसा पालटत नाही, कारण हळदीला लाल करायला क्षार लागतो. म्हणून कुणी चुना सुचवेल. त्याने रंग झकास येतो, पण तो डोळ्यात उडाला तर इजा होते. चुना नको. फडकी दोन वेगळ्या वाट्यांत, आणि वाटीच्या बुडाशी खूण. लिंबू लागलेला हात त्या फेसाजवळ नेऊ नका, आम्लाने लाल पुन्हा पिवळा होतो.

घामाचा फरक मेकअपवर साधतो. बाकी सगळ्यांच्या कपाळावर आणि मानेवर ग्लिसरीन आणि पाणी समप्रमाणात मिसळून फवारा, हातभर अंतरावरून, डोळे मिटवून. हातावर फवारू नका, वस्तू निसटतात. कोरड्याचा चेहरा पावडरने पूर्ण मॅट ठेवा आणि दर प्रवेशाआधी पुन्हा पावडर द्या, कारण दिव्यांखाली नटाला खरा घाम येणारच. न लवणारी पापणी फार वेळ ताणू नका. वीस सेकंदांनंतर डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं की प्रेक्षकाला तो रडतोय असं वाटतं. एका प्रवेशात एकदाच, तेही तो दुसऱ्याचं बोलणं ऐकत असताना.

प्रकाशात एक सापळा आहे. लग्नाचा प्रसंग म्हणून सगळे दिव्यांपुढे पिवळे-केशरी जिलेटिन (रंगीत पारदर्शक कागद) लावतात, आणि त्या उजेडात हळद फिकट, जवळजवळ पांढरी दिसते. हात दाखवायच्या तिन्ही जागी साधा पांढरा प्रकाश ठेवा, लाल फडक्याच्या वेळी तर लाल दिवा मुळीच नको. रंग बदलताना चार-पाच सेकंद घ्या, म्हणजे कुणाच्या लक्षात येत नाही. कोरड्याची सावली दिसू नये असं वाटत असेल तर समोरून खालचा दिवा बंद करा, वरून आणि दोन्ही बाजूंनी उंचावरून प्रकाश द्या. सावली पूर्ण जात नाही, पायाजवळ गोळा होते, आणि तेवढं पुरतं.

पेवाचं दृश्य ही या एकांकिकेची सर्वात ताकदीची जागा आहे. बंद पेवात प्राणवायू नसतो; उघडल्या उघडल्या कुणी आत उतरत नाही, आधी हवा खेळू देतात आणि कंदील सोडून बघतात. कंदील विझला तर उतरायचं नाही. म्हणून पहिल्याच प्रवेशात दोरीला बांधलेला कंदील खाली जाऊ द्या, विझू द्या, आणि अंधारातून शांत आवाज येऊ द्या: ‘वर कुणाचं लगीन हाय?’ कंदिलात एलईडी आणि लहान डिमर बसवा, खरी ज्योत नको. कोरड्या बर्फाचा (ड्राय आइसचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा) धूर खड्ड्यात किंवा मंचाखालच्या पोकळीत कधीही सोडू नका. तो वायू जड असतो, खालीच साचतो, आणि तिथे नट बसलेला असतो. आणि हौसेखातर खऱ्या पेवात चित्रीकरण करायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

आता अडकलेला माणूस या हवेत जिवंत कसा राहतो, हे पहिल्या वाचनातच कुणीतरी विचारेल. उत्तर संहितेत ठेवा: रोज रात्री कोरडा स्वतः झाकण सरकवून हवा आत सोडतो. ज्याचा हेवा त्याचाच जीव त्याला जपावा लागतो, आणि त्याच सरकवलेल्या फटीतून नवरदेव सुटतो. कलीला सापडली तशी फट इथे माणसाला सापडते.

नटाला काय सांगायचं

सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हापासून इथल्या मंचाने राक्षस पाहिले आहेत. रंगवलेले, तलवारी परजणारे, ‘अललडुर्र’ करत घुसणारे. ते त्या नाटकांना शोभत होतं. कोरडा त्याच्या उलट टोकाला आहे. तो कौतुक करणारा आहे. माणसं जेवताना, भांडताना, पोत्यावर डुलकी काढताना तो टक लावून बघतो आणि मागून हळूच तीच हालचाल करतो. नटाला राग दाखवायला सांगू नका. समोरच्याचा हात अर्धा सेकंद उशिरा गिरवायला सांगा. राग फक्त तिसऱ्या प्रसंगात, फडकं पिवळंच राहिल्यावर. तेव्हाही त्याने नवरीकडे बघू नये, फडक्याकडे बघावं.

त्याची कीव येऊ द्या, पण किंमत पुसू नका. पेवात पडलेल्या माणसाचा खोकला अधूनमधून ऐकू आला पाहिजे, विशेषतः प्रेक्षक कोरड्याच्या बाजूने झुकायला लागेल तिथे. शेवटी त्याला मारू नका. त्याला हवं होतं ते त्याच्याच हाताने निसटतं, ही शिक्षा पुरे. तो लाल झालेलं फडकं उचलतो, तळव्यावर घासतो, आणि लग्नाच्या गर्दीत एक-एक जण त्याच्याकडे पाठ करतो. पडदा इथेच पाडा, मागाहून सूत्रधाराला बोलायला आणू नका.

प्रयोगानंतर कपडे धुताना हळदीचे डाग आधी लालभडक होतील, घाबरू नका. भरपूर पाण्याने खळबळून कडक उन्हात दोन दिवस वाळत घाला, उन्हाने हळद उडते. पांढरी फडकी मात्र दर प्रयोगाला नवी घ्या.