टॉवेल कधी बदलायचा? या चुका टाळा

टॉवेल विरेपर्यंत वापरायचा, ही आपल्याकडची जुनी सवय. जरा वास आला की नवा आणायचा, ही अलीकडची. दोन्ही घरांत टॉवेल नीट तपासला मात्र जात नाही. अंगावरचं पाणी टिपणं आणि पुढच्या अंघोळीपर्यंत स्वतः वाळणं, एवढं जमत असेल तर रंग उडालेला टॉवेलही चांगलाच.

सगळ्यात जास्त टॉवेल वासापायी फुकट जातात. धुऊन वाळवलेला टॉवेल ओला होताच कुबट वास मारत असेल, तर बहुधा धाग्यांत साबण आणि अंगाचं तेल साचलेलं असतं, आणि त्यावर जिवाणू वाढतात. बोअरवेलच्या जड पाण्यात हे फार होतं. त्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा थर बसतो. म्हणूनच वडी घासून एका बादलीत खळबळलेला टॉवेल वाळल्यावर पत्र्यासारखा कडक होतो. सुती टॉवेल गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा घालून तासभर भिजवा, रंग जाणारे वेगळे ठेवा. मग साबण न लावता दोन-तीन पाण्यांतून काढा आणि कडक उन्हात वाळवा. इतकं करूनही वास परत आला, तर बदला. वासासाठी ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र कधीही घालू नका. त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

टॉवेल पाणी टिपत नाही? आधी फॅब्रिक सॉफ्टनर बंद करा. त्याचा थर धाग्यांवर बसून पाणी आत शिरत नाही. कोरा टॉवेलही दोन-तीन धुण्यांनंतरच नीट टिपू लागतो, त्यामुळे तो लगेच परत करू नका. कोरड्या टॉवेलवर पाण्याचे थेंब टाकून बघा. सोड्याच्या धुण्यानंतरही ते वरच राहत असतील, किंवा उजेडात धरल्यावर वरचे फास, म्हणजे धाग्यांचे छोटे वेढे, झिजून नुसतं जाळीदार कापड दिसत असेल, तर त्याचे दिवस भरले. एखादाच फास बाहेर आला असेल तर ओढू नका, कात्रीने कापा. वीण उसवत नाही.

घरात कुणाला गजकर्ण झालं असेल तर एकच टॉवेल सगळ्यांनी वापरणं ही मोठी चूक. त्याचा टॉवेल वेगळा ठेवा, रोज वेगळा धुवा, पाणी साठ अंशांचं असावं. फेकायची गरज नाही.

आणि नवा घेताना जाड तो भारी, असं समजू नका. ६०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ६०० ग्रॅम वजनाचा) जाड टॉवेल कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात फ्लॅटमध्ये सहज वाळत नाही आणि वासाचं दुखणं पुन्हा सुरू होतं. पातळसर सोलापुरी टॉवेल किंवा साधा पंचा त्या चार महिन्यांत कितीतरी बरा. जुन्याचं पायपुसणं करा, लादीसाठी तुकडे करा. पोळ्यांच्या डब्यात मात्र घालू नका.