पावसाळ्यात श्रवणयंत्राचा आवाज मध्येच बंद पडणे : माझा अनुभव

आईच्या कानामागे बसणाऱ्या श्रवणयंत्राचा आवाज पावसाळ्यात सकाळी स्वच्छ असे, पण दुपारपर्यंत घुसमटून मध्येच बंद पडे. सेल बदलला, आवाज वाढवला, कानात बसणारा साचा पुसला. उपयोग झाला नाही. घरातल्या गप्पांतून ती तुटत चाललेली पाहणे फार जड गेले.

दोष यंत्र आणि साचा जोडणाऱ्या नळीत साचणाऱ्या दमटपणाचा होता. रात्री यंत्र बंद करून सेल काढावा. मग नळीसकट साचा यंत्रापासून अलग करून फक्त तोच कोमट साबणपाण्यात धुवावा. यंत्राला पाणी किंवा स्पिरिट लावू नये. दाबल्यावर हवा सोडणाऱ्या रबरी फुग्याने नळीत हवा मारून थेंब बाहेर काढावेत आणि साचा रात्रभर वाळू द्यावा. यंत्र सेलचे दार उघडे ठेवून ओलावा शोषणारे सिलिका जेल घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे, मात्र सेल त्या डबीत ठेवू नये, कारण तोही कोरडा पडून लवकर संपतो. हेअर ड्रायर किंवा ऊन मुळीच नको. सकाळी नळीला पीळ न देता साचा जोडावा. यंत्रातला झिंक-एअर प्रकारचा सेल हवेतल्या ऑक्सिजनवर चालतो, म्हणून नव्या सेलचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर थांबून मगच तो बसवावा. कडक किंवा पिवळी पडलेली नळी श्रवणतज्ज्ञांकडून बदलून घ्यावी.

जुने सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. मुलाने सेल गिळल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.