हवाईचे पोर्तुगीज बीन सूप घरी कसे करावे

पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून ऊसमळ्यांत काम करण्यासाठी निघालेली माणसे सप्टेंबर 1878 मध्ये 'प्रिसिला' या जहाजाने होनोलुलूला उतरली. त्यांच्या मागोमाग पुढच्या वर्षी आलेल्या जहाजातल्या सुतारांनी हवाईला उकुलेले हे वाद्य दिले. स्वयंपाकघराला या लोकांकडून गोड पाव, मालासादा (साखरेत घोळवलेले तळलेले गोळे) आणि राजम्याचे हे दाट सूप मिळाले. तिथे आजही ते 'पोर्तुगीज बीन सूप' याच नावाने ओळखले जाते. पावसाळी संध्याकाळी, जत्रेच्या मांडवात आणि चर्चच्या निधीसाठी लावलेल्या टेबलांवर ते मोठ्या पातेल्यांतून वाढले जाते.

या सुपाची चव दोन गोष्टींवर उभी असते: हाडाचा रस आणि धुरी दिलेले सॉसेज. भाज्या थोड्या इकडच्या तिकडे झाल्या तरी बिघडत नाही, पण या दोहोंत घाई केली तर हाती लागते ती राजम्याची पातळ आमटी.

सहा जणांसाठी 250 ग्रॅम राजमा, सुमारे 800 ग्रॅम हॅम हॉक (डुकराच्या पायाचा घोट्याजवळचा, धुरी दिलेला तुकडा), 250 ग्रॅम पोर्तुगीज सॉसेज, एक मोठा कांदा, लसणाच्या चार-पाच पाकळ्या, दोन गाजरे, दोन मोठे बटाटे, सेलरीचे दोन देठ, 200 मिलीलिटर टोमॅटोची प्युरी, पाव कोबी, 100 ग्रॅम लहान मॅकरोनी, दोन तमालपत्रे आणि मिरी घ्यावी. धुरी दिलेला हॉक मिळाला नाही तर साधा पाय घेऊन त्याबरोबर बेकनच्या तीन-चार पट्ट्या घालाव्यात.

सॉसेजबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. हवाईत वापरले जाणारे सॉसेज लसूण आणि पॅप्रिका घातलेले, किंचित गोडसर असते; तिथली माणसे तेच सकाळी भात आणि अंड्याबरोबरही खातात. आपल्याकडे त्याचे जवळचे नातलग म्हणजे गोव्याचे चोरीस. दोघांचे मूळ पोर्तुगीज असले तरी गोव्यात त्यात माडाचे व्हिनेगर आणि भरपूर मिरची आली, त्यामुळे चोरीस अधिक आंबट, तिखट आणि खारट असतात. ते वापरायचे असल्यास 150 ग्रॅमच घ्यावेत, थोड्या पाण्यात दहा मिनिटे उकळावेत आणि ते पाणी टाकून द्यावे. एवढे केले की ते सुपावर कुरघोडी करत नाहीत.

आदल्या रात्री राजमा भरपूर पाण्यात भिजत घालावा. त्याच संध्याकाळी हॉक, तमालपत्रे, दहा-बारा मिरीदाणे आणि अर्धा कांदा अडीच लिटर पाण्यात घालून उकळी आणावी, वर येणारा फेस काढून टाकावा आणि मंद आचेवर दोन-अडीच तास, मांस हाडापासून सहज सुटेपर्यंत शिजवावे. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर पाऊण तास पुरतो, मात्र उघड्या पातेल्यात रस अधिक स्वच्छ राहतो, असे माझे मत आहे. मांस सोडवून त्याचे तुकडे करावेत. रस गाळून, निवल्यावर तो आणि मांस फ्रिजमध्ये ठेवावे, म्हणजे सकाळी वर गोठलेली चरबी चमच्याने उचलून काढता येते.

दुसऱ्या दिवशी राजम्याचे भिजवणीचे पाणी फेकून तो या रसात घालावा आणि प्रथम किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा. ही पायरी गाळू नये, कारण कच्च्या राजम्यात पोट बिघडवणारे एक विषारी द्रव्य असते आणि ते मंद उष्णतेवर नष्ट होत नाही. त्यानंतर आच कमी करून तो बोटांनी सहज चेपला जाईपर्यंत शिजवावा. टोमॅटो अद्याप घालू नये. आंबटपणामुळे दाण्याचे साल घट्ट राहते आणि मग तासभर उकळूनही राजमा टणकच लागतो. हॉक खारट असल्यामुळे मीठही शेवटी चव पाहूनच घालावे.

राजमा शिजत असताना सॉसेजच्या अर्ध्या सेंटिमीटर जाडीच्या चकत्या कापून, तेल न घालता, जाड बुडाच्या कढईत कडा तांबूस होईपर्यंत परताव्यात आणि बाजूला काढाव्यात. सुटलेल्या लाल चरबीतली दोन चमचे ठेवून उरलेला कांदा, लसूण, सेलरी आणि गाजर त्यातच परतावे, प्युरी घालून तिचा कच्चा वास जाईपर्यंत हलवावे आणि हे सर्व शिजलेल्या राजम्यात ओतावे. त्यातच बटाट्याच्या मोठ्या फोडी, सोडवलेले मांस आणि सॉसेज घालून वीस मिनिटे मंद उकळू द्यावे. डावभर राजमा काठाशी चेपून पुन्हा मिसळला की सुपाला आपोआप दाटपणा येतो. त्यासाठी मैदा किंवा कॉर्नफ्लोअर लावण्याची गरज नाही. जाडसर चिरलेला कोबी शेवटच्या दहा मिनिटांत घालावा. काही घरांत कोबीऐवजी केल किंवा वॉटरक्रेसची पाने घालतात.

वाढताना हवाईत याच्याबरोबर गोड पाव देतात. आपला 'पाव' हा शब्दही पोर्तुगीजांकडूनच आला, तेव्हा बेकरीतला ताजा पाव किंवा गोव्याची पोई इथे मुळीच परकी वाटत नाही. काहीजण गरम, चिकटसर भातावर सूप ओतून घेतात. त्यासाठी बासमतीपेक्षा इंद्रायणी तांदूळ कितीतरी योग्य.

मॅकरोनी वेगळी उकडून प्रत्येकाच्या वाडग्यात घालावी. पातेल्यात घातली तर ती रात्रभर रस शोषून फुगते आणि सकाळी सुपाऐवजी लगदा उरतो. मॅकरोनीविना ठेवलेले सूप मात्र फ्रिजमध्ये तीन दिवस टिकते आणि दुसऱ्या दिवशी अधिक मुरते. गरम करताना वाटीभर पाणी घालावे.