कोड झाका, पण क्रॅशचा माग हरवू नका

ऑब्फस्केशन, म्हणजे कोड वाचता येऊ नये म्हणून त्यातली नावं बदलणं, चालू केलं की क्लास आणि मेथडची नावं ए, बी, सी अशी होतात. ॲप उघडून कोड वाचायला बसलेल्याच्या हाती फारसं काही लागत नाही. पण वापरणाऱ्याच्या फोनवर ॲप कोसळलं की तीच अक्षरं क्रॅश रिपोर्टमधून तुमच्यासमोर येतात. कुठलं नाव कशात बदललं याची नोंद बिल्ड होतानाच तयार होते. ही नोंद दर बिल्डमागे जपायची आणि बाहेर जाऊ द्यायची नाही. बाकीचं सगळं या दोन गोष्टींभोवती फिरतं.

आधी ॲण्ड्रॉइड. ग्रेडल या बिल्ड करणाऱ्या टूलच्या फाइलमध्ये, रिलीज भागात, मिनिफाय हा पर्याय चालू करा. मग आर८ हा त्यासाठीचा प्रोग्राम नावं बदलतो आणि न वापरलेला कोड काढून टाकतो. आर८ने काय जपायचं हे सांगणाऱ्या प्रोगार्ड नियमांच्या फाइलमध्ये दोन नियम हवेतच. 'कीपॲट्रिब्यूट्स'ला 'सोर्सफाइल' आणि 'लाइननंबरटेबल' द्या, म्हणजे ओळ क्रमांक टिकतात. 'रीनेमसोर्सफाइलॲट्रिब्यूट'ला 'सोर्सफाइल' हाच शब्द द्या, म्हणजे फाइलची खरी नावं पुसली जातात.

ओळ क्रमांकांमुळे कोड उघडा पडेल असं वाटून ते काढून टाकणारे बरेच असतात. ही चूक महागात पडते. पॅरामीटर वेगळे असले की आर८ एकाच क्लासमधल्या अनेक मेथडना 'ए' हेच नाव देतो, आणि स्टॅक ट्रेसमध्ये (क्रॅशच्या वेळी चालू असलेल्या मेथडच्या यादीत) पॅरामीटर छापले जात नाहीत. ओळ क्रमांक नसेल तर यातली नेमकी कोणती 'ए' कोसळली हे कळायला मार्गच उरत नाही. नुसत्या क्रमांकांवरून परक्या माणसाला मात्र काहीच उलगडत नाही.

ॲण्ड्रॉइडवर नावांची ती नोंद मॅपिंग फाइलमध्ये असते. तिच्यातली एक ओळ अशी दिसते: '१:३:व्हॉइड सेव्ह(इंट):४०:४२ -> ए'. म्हणजे बाहेर गेलेल्या ॲपमधल्या 'ए'च्या १ ते ३ या ओळी मूळ 'सेव्ह'च्या ४० ते ४२ आहेत. क्रॅश 'ए'च्या ओळ २ वर असेल तर पाहायची ती मूळ ओळ ४१. हा उलटा प्रवास करायला ॲण्ड्रॉइडच्या कमांड लाइन टूल्समध्ये 'रिट्रेस' आहे. त्याला आधी मॅपिंग फाइल आणि मग स्टॅक ट्रेसची फाइल द्यायची. इनलाइन झालेल्या, म्हणजे बोलावणाऱ्या मेथडमध्येच मिसळून टाकलेल्या, मेथड असतील तर ट्रेसमधल्या एका ओळीच्या दोन-तीन ओळी होतात. ते बरोबरच आहे.

मॅपिंग फाइल बिल्डच्या 'आउटपुट्स' फोल्डरमध्ये, 'मॅपिंग'खाली पडते आणि पुढचा बिल्ड ती पुसून नवी लिहितो. म्हणून बिल्ड संपल्या संपल्या, त्याच स्क्रिप्टमध्ये, व्हर्जन कोड (आवृत्तीचा क्रमांक) आणि गिट कमिट (कोडच्या नेमक्या अवस्थेची खूण) नावात घालून ती वेगळीकडे कॉपी करा. 'लागली तर पुन्हा बिल्ड करू' यावर विसंबू नका. मधल्या काळात टूलची किंवा एखाद्या लायब्ररीची आवृत्ती बदलली असेल, तर मॅपिंग वेगळं निघतं. त्यातून वाईट हे, की चुकीचं मॅपिंग दिलं तरी रिट्रेस बऱ्याचदा तक्रार न करता खरी वाटणारी पण भलतीच नावं देतो. त्यामुळे रिलीजआधी चाचणीच्या प्रतीत मुद्दाम एक एक्सेप्शन (ॲप कोसळवणारी चूक) फेका, त्याचा ट्रेस साठवलेल्या फाइलने उलगडा आणि ओळ जुळते का ते डोळ्यांनी पाहा.

रिलीजमध्येच जेसन या स्वरूपात आलेल्या डेटाची फील्ड रिकामी यायला लागली, तर रिफ्लेक्शनने, म्हणजे ॲप चालू असताना नावावरून शोधून, वाचल्या जाणाऱ्या फील्डची नावं बदलली गेली आहेत असं समजा. तेवढ्या मॉडेल क्लासपुरता (डेटा ठेवणाऱ्या क्लासपुरता) नावं जशीच्या तशी ठेवणारा 'कीप' नियम लिहा. वैतागून सगळं पॅकेज 'कीप' केलंत तर झाकायला काही उरत नाही.

सी आणि सी++ मध्ये क्रम महत्त्वाचा. रिलीजसुद्धा डीबग माहितीसह, म्हणजे फंक्शनची नावं आणि ओळी यांच्या नोंदीसह, कंपाइल करा. त्याने कोड मंदावत नाही. मग 'ऑब्जकॉपी' या टूलच्या 'ओन्ली-कीप-डीबग' पर्यायाने ती माहिती वेगळ्या फाइलमध्ये काढा आणि त्यानंतरच मूळ फाइल 'स्ट्रिप' करा, म्हणजे तिच्यातून ती माहिती काढून टाका. आधी स्ट्रिप केलंत तर काढायला काहीच राहत नाही. लिंकरकडून (कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या टूलकडून) बिल्ड आयडी, म्हणजे त्या बिल्डची ओळख, घालून घ्या. तो दोन्ही फाइलींत सारखाच राहतो, त्यावरून जोडी जुळवा. स्ट्रिप केल्यावरही एक्स्पोर्ट झालेल्या, म्हणजे बाहेरून बोलावता येणाऱ्या, फंक्शनची नावं दिसत राहतात, म्हणून व्हिजिबिलिटी 'हिडन' ठेवा आणि लागतील तेवढीच फंक्शन उघडी करा.

सी आणि सी++ च्या क्रॅशमध्ये ओळींऐवजी मेमरीतले पत्ते येतात. पत्ता ओळीत बदलताना आधी लायब्ररी मेमरीत जिथे लोड झाली तो पत्ता वजा करा. शिवाय सगळ्यात वरची फ्रेम (ट्रेसमधली एक नोंद) सोडली तर बाकीचे पत्ते 'परत कुठे यायचं' याचे असतात. कच्च्या पत्त्यांवर काम करत असाल तर त्यांतून १ वजा करा, नाहीतर कॉलच्या पुढचीच ओळ दाखवली जाते. आयओएसवर वेगळ्या काढलेल्या डीबग माहितीची भूमिका डीसिम फाइलची. तिथे जोडी यूयूआयडी या ओळख क्रमांकावरून जुळते.

जावास्क्रिप्टमध्ये सगळ्यात जास्त गळती होते. सोर्स मॅप म्हणजे बदललेल्या कोडवरून मूळ कोडकडे नेणारी फाइल. तिच्यातल्या 'सोर्सेसकंटेंट'मध्ये बहुतेक वेळा तुमचा मूळ कोड कॉमेंटसकट अख्खा असतो. वेबपॅक या टूलचा 'हिडन-सोर्स-मॅप' पर्याय बंडलच्या (एकत्र केलेल्या कोडच्या फाइलच्या) शेवटी मॅपचा पत्ता लिहीत नाही, एवढंच. मॅप फाइल फोल्डरमध्ये असतेच. ती सर्व्हरवर चढली तर बंडलच्या नावापुढे '.मॅप' जोडून कोणीही उतरवून घेईल. मॅप आधी क्रॅश गोळा करणाऱ्या सेवेकडे पाठवा, मग फोल्डरमधून काढा, मग डिप्लॉय करा, म्हणजे सर्व्हरवर चढवा. डिप्लॉयनंतर तोच पत्ता बाहेरून उघडून पाहा. ४०४, म्हणजे 'सापडलं नाही', आलं पाहिजे.

आणि नावं बदलली तरी कोडमधल्या स्ट्रिंग जशाच्या तशा राहतात. सर्व्हरची गुप्त की (किल्ली), अंतर्गत पत्ते, लॉगमध्ये हाताने लिहिलेली क्लासची नावं, सगळं वाचता येतं. गुप्त की ॲपमध्ये ठेवूच नका. रिलीजमधून फालतू लॉग काढा. एक्सेप्शनच्या मजकुरात वर्णनाऐवजी ठरलेला क्रमांक घाला, उदाहरणार्थ 'चूक ११७', आणि त्याचा अर्थ मॅपिंग फाइलींशेजारीच लिहून ठेवा. त्या जागेवर मोजक्याच लोकांना प्रवेश द्या आणि एखादी आवृत्ती एकाही फोनवर चालू असेतो तिची फाइल काढू नका.