घोड्याचा स्ट्रँगल्स: गाठ दिसायच्या आधी ताप पकडा

सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेलं घोडं थेट पागेत बांधू नका. तीन आठवडे वेगळं ठेवा. बादली, तोबरा, खरारा, लगाम सगळं त्याचं स्वतंत्र. स्ट्रँगल्स म्हणजे ताप आणून जबड्याखाली पुवाच्या गाठी धरणारा घोड्यांचा साथीचा आजार. त्याचा जिवाणू, स्ट्रेप्टोकोकस इक्वाय, सामाईक हौदातून आणि मोतद्दाराच्या (घोडी सांभाळणाऱ्याच्या) हातांवरूनही पसरतो. पाण्यात तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. लागण झाल्यावर 3 ते 14 दिवसांत आजार दिसतो.

सगळ्यात आधी येतो ताप. नाकातून जिवाणू बाहेर पडू लागतात ते त्यानंतर एक-दोन दिवसांनी. पागा वाचवायची संधी एवढीच, म्हणून सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. घोड्याच्या बाजूला उभे राहा, मागे नाही. थर्मामीटरला दोरी बांधून चिमट्याने शेपटीला अडकवा, टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात सरकवा. 38.5 अंश सेल्सिअसच्या वर गेला की घोडं त्याच क्षणी वेगळं करा. निरोग्यांची कामं आधी, आजाऱ्याची शेवटी.

मग जबड्याखाली गाठ येते: टणक, गरम, हात लावू न देणारी. गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने दिवसातून तीनदा 10-15 मिनिटं शेका. कच्ची गाठ दाबू किंवा चिरू नका. पू निघत नाही, नुसती जखम होते. मधोमध मऊ पडून केस गळाले की डॉक्टरांकडून फोडून घ्या. नंतर फिक्या चहाच्या रंगाएवढं पातळ केलेलं पोव्हिडोन आयोडीन वापरून रोज धुवा. पू बादलीत धरून जाळा. गिळताना दुखतं, म्हणून भिजवलेला कोंडा द्या.

पेनिसिलीन स्वतःच्या मनाने टोचू नका. गाठ धरल्यावर ते दिलं तर ती पिकायलाच वेळ लागतो. पण घोडं मान ताणून, घरघर आवाज करत श्वास घेत असेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा. नाकात व्रण किंवा अंगावर गाठींच्या माळा दिसल्या तर ग्लँडर्स या घोड्यांच्या दुसऱ्या जिवाणूजन्य आजाराची तपासणी करायलाच हवी. तो माणसालाही होतो.

बरं झाल्यावर काही आठवड्यांनी पाय, पोट सुजलं तर तोही स्ट्रँगल्सचाच गंभीर परिणाम असू शकतो.

शंभरातली दहाएक घोडी वरून ठणठणीत दिसूनही घशालगतच्या हवेच्या पिशव्यांत जिवाणू महिनोन्‌महिने बाळगतात. म्हणून लक्षणं गेल्यावर किमान तीन आठवड्यांनी डॉक्टरांकडून दुर्बिणीने (एंडोस्कोपने) त्या पिशव्यांतला नमुना घेऊन पीसीआर, म्हणजे जिवाणू ओळखणारी चाचणी, करून घ्या. अहवाल निगेटिव्ह येईपर्यंत त्या घोड्याला हौदावर सोडू नका.